लांब ओळ येईपर्यंत

हबवरचे हिरवे दिवे मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा बारा भरले. कार्यालयात संगणक मात्र अकराच होते.

हब म्हणजे वहीएवढी एक चपटी पेटी. सगळ्या संगणकांच्या तारा तिथे येऊन मिळतात आणि जो संगणक चालू असेल त्याच्या तारेपाशी एक दिवा लागतो. इतकं मला पुस्तकातून कळलं होतं. जास्तीच्या दिव्याबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

ती पेटी माझ्या धाकट्या भावाने बसवली होती. त्याला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

जालना जिल्हा झाला त्या साली, एक्याऐंशीत, मी जुन्या जालन्यातल्या एका वाचनालयात कामाला लागलो. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेली चिकटवायची. खाली धान्याच्या आडतीत दिवसभर हमालांची ओरड चाले आणि वर मी. या कामात मला काही कमी वाटलं नाही. धाकटा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो संगणकाकडे वळला, संभाजीनगरला राहून शिकून आला आणि जालन्यातल्या कारखान्यांत, कार्यालयांत तारा टाकून संगणक एकमेकांना जोडायला लागला. मला चिडवायचा, "दादा, तुझी पुस्तकं एका कपाटात जन्मभर राहतात, पण एकमेकाशी बोलत न्हाईत. माझी यंत्रं बोलतात."

जाण्याच्या आठवडाभर आधी तो वाचनालयात आला होता. काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, तारांबद्दलचं एखादं पुस्तक असंल का रे तुझ्याकडं?" मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. मान वर न करता म्हणालो, "इथं कथा-कादंबऱ्या असतात." तो हसला आणि जिना उतरून गेला.

बीडहून येताना शहागडजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकने धडक दिली. दुपारची वेळ होती, रस्ता कोरडा होता. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

दहावा शहागडलाच केला, गोदावरीच्या काठावर. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. समोर बाभळीवर सहा-सात कावळे बसलेले होते. एकही खाली येईना. मी हात जोडून म्हणालो, आईला सांभाळीन. मामा म्हणाले, तुझी गाडी कुणाला देणार नाही. चुलते म्हणाले, तुझं दुकान चालू ठेवू. ज्याला जे सुचलं ते त्याने कबूल केलं. कावळे माना वाकड्या करून आमच्याकडे बघत राहिले. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

घरी आई उंबऱ्यातच बसली होती.

"शिवला का?"

"शिवला."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "दर्भाचा ना?"

मी पाय धुवायला मोरीकडे वळलो.

"काहीतरी राह्यलंय त्याचं," ती म्हणाली आणि आत गेली. पुढे वर्षभर ती हे वाक्य मधूनच म्हणायची. भाजी निवडताना, दिवा लावताना. मला उद्देशून नसायचं ते. पण ऐकायला घरात मीच होतो.

महिनाभराने एका बियाणे कंपनीचे व्यवस्थापक भेटायला आले. धाकट्याचं शेवटचं काम त्यांच्याकडे चालू होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सगळं झालंय तसं. फक्त वजनकाट्याचं राह्यलं. फाटकापाशी ट्रकचा काटा आहे ना, तिथला संगणक अजून आतल्यांना जोडला गेला नाही. त्यांच्या कामाचं कुणाला माहिती असेल का, म्हणून आलो."

"मी बघतो," मी म्हणालो.

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले ते मला आजही सांगता येणार नाही. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो आणि संगणकाला कधी हात लावला नव्हता. आतल्या खोलीत आईच्या हातातलं सूप थांबलेलं मला ऐकू आलं. काहीतरी राह्यलं होतं, त्याला आता नाव मिळालं होतं. वजनकाटा.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक संगणकाचा क्लास होता. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "काका, ॲडमिशन कुणाची? मुलाची का मुलीची?"

"माझी."

तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. वर्गातली पोरं मला अंकल म्हणायची. त्यातला एक मागच्या बाकावरून म्हणाला, "अंकल, या वयात माऊस न्हाई, जपमाळ धरायची असते." सगळे हसले. मीही हसलो, कारण पडद्यावरचा बाण खरंच माझ्या हाती लागत नव्हता. क्लासमधून घरी आलो की शब्दकोश शेजारी घेऊन एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायचो. रोज दोन पानं व्हायची.

सगळ्यात अवघड गेलं ते तारेचं टोक बांधणं. त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या. त्या ठरलेल्या क्रमाने ओळीत धरून प्लास्टिकच्या छोट्या टोपणात सरकवायच्या आणि पक्कडीने दाबायच्या. क्रम चुकला की टोक वाया. एका संध्याकाळी मी मधल्या खोलीत धाकट्याची पक्कड घेऊन बसलो होतो आणि स्वतःशी पुटपुटत होतो, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा..."

"हिरवा न्हाई. निळा."

आवाज स्वयंपाकघरातून आला. आई माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "निळा. मंग पांढरा-निळा, मंग हिरवा, मंग पांढरा-तपकिरी, तपकिरी."

आई शाळेत गेलेली नाही. ही तार तिने कधी हातात धरली नाही. आवाज तिचा होता, पण चाल त्याची होती. शेवटच्या 'तपकिरी'वर तो जसा थोडा थांबायचा, तशीच ती थांबली. मी मागे वळून दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि तिथे कुणी नव्हतं.

"त्याचं रोज चालायचं ना," ती म्हणाली, "तू बसलास तिथंच बसून."

त्या दिवसानंतर माझं टोक चुकलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी कंपनीत जायला लागलो. आधी सुट्टी काढून, नंतर वाचनालयाची नोकरी सोडून. कार्यालयात शिरलो की धाकटा सगळीकडे होता. भिंतीच्या कडेने ओळीत मारलेल्या त्याच्या खिळपट्ट्या, तारांवर चिकटवलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या, त्यांच्यावर त्याचं डावीकडे झुकलेलं अक्षर. त्याच्या वहीत प्रत्येक यंत्राचा आकडा होता. एक ते अकरा आकड्यांपुढे ते यंत्र कुणाच्या टेबलावर आहे ते लिहिलेलं. तेराव्यापुढे 'काटा', खाली दोन रेघा. आणि बाराव्यापुढे नाव नव्हतं. नुसतं एक टिंब.

हबवरचा बारावा दिवा दिसला तेव्हा मी वही काढली. एका यंत्राने दुसऱ्याला हाक मारून बघायची सोय असते. पिंग म्हणतात तिला. 'आहेस का?' एवढंच विचारायचं. उत्तर आलं तर पडद्यावर लांब ओळ उमटते, आलं नाही तर आखूड. मी हिशेबनिसांच्या संगणकावर बसून तेराला हाक मारली. आखूड ओळ. मग बाराला.

लांब ओळ आली. लगेच. जणू कुणी जवळच बसलं होतं.

"कामून उठले, सर?" हिशेबनीस म्हणाले. मी उभा राहिलो होतो हे मलाच कळलं नव्हतं.

"तुमच्या इथं बारा संगणक आहेत का हो?"

"अकरा. बराबर अकरा. मी सही करून घेतलेत." मग त्यांनी दिव्यांकडे पाहिलं, बोटाने मोजले आणि चष्मा कपाळावर ढकलला. "तुमचे भाऊ अजून ड्युटीवर हायेत वाटतं." म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "माफ करा सर. तोंडाला माझ्या हाडच न्हाई."

मला राग आला नव्हता. त्या दिवसापासून मी रोज सकाळी कामाला बसण्यापूर्वी बाराला हाक मारायला लागलो. रोज उत्तर यायचं. हबपासून ती तार हाताने धरून मागोवा घेत गेलो असतो तर तासाभरात दुसरं टोक सापडलं असतं. मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला शोधायचंच नव्हतं. जोवर सापडत नव्हतं, तोवर तिथे कुणीतरी होतं.

काट्याचं काम मात्र होईना. काट्याकडे जाणाऱ्या तारेची दोन्ही टोकं मी कापून नवी बांधली. पुन्हा कापली, पुन्हा बांधली. काट्यावरचा संगणक सुरू ठेवून कितीही वेळा हाक मारली तरी तेराकडून आखूड ओळच. काट्यावरचा कारकून प्लास्टिकने झाकलेल्या संगणकाशेजारी बसून कागदावर वजनं लिहायचा आणि मला बघून म्हणायचा, "या सर. मुकं लेकरू अजून बोललं न्हाई."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कामाला लावायचं नसतं. कंपनीत आदल्या संध्याकाळीच सगळे संगणक बंद केले होते. सकाळी प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी धाकट्याची पक्कड आणि पेचकस टेबलावर मांडून पूजेला नेले होते. एरवी त्या खोलीत पंख्यांची, यंत्रांची घरघर असते. त्या दिवशी कान दुखावेत इतकी शांतता होती. अकरा काळे पडदे, अकरा फुलं.

हिशेबनिसांनी हबला फूल वाहायला कपाट उघडलं आणि ते तसेच थांबले.

एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"सर," ते हळूच म्हणाले, "आता बघाच तुम्ही. मला आज घरी जायचंय, पण हे असं बघून जाववणार न्हाई."

"आज हात लावायचा नाही ना?"

"यंत्राला न्हाई. वायरीला कुठं कुंकू लावलंय? वायर चालतीय."

मी तार धरली. ती छताच्या कडेने गेली, मागच्या जिन्याखालून उतरली, भिंतीतल्या भोकातून बाहेर पडली आणि अंगण ओलांडून थंड गोदामाकडे वळली. बियाणं टिकावं म्हणून ते गोदाम रात्रंदिवस गार ठेवलेलं असतं. कार्यालयातलं कुणी सहसा तिकडे फिरकत नसे. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. मी जाड दार ढकललं आणि थंडी अंगावर आली. आत पिवळ्या बल्बखाली कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं, पुढ्यात उजळलेला पडदा होता. माझे पाय तिथेच थांबले.

"दार लावा आधी, मोठे साहेब," तो माणूस मागे न वळता, पडद्याच्या काचेत मला बघत म्हणाला. "थंडी भाईर जाती."

ते गोदाम सांभाळणारे म्हातारे काका होते. स्वेटर, माकडटोपी, मांडीवर हात. पडद्याला कुंकू लावलेलं होतं, वर फूल होतं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या आखूड ओळी एकामागून एक वर सरकत होत्या.

"काका, हे चालू कसं?"

"चालूच ऱ्हातं. कूलिंगवाल्यांचं असंल म्हून कुणी इचारत न्हाई. धाकट्या साहेबांनी ठिवलंय. इथं जनरेटर हाय ना, लाईटीची फिकीर न्हाई. म्हणले, काका, ह्याच्यावर आखूड ओळ येत ऱ्हाईल. ज्या दिवशी लांब ओळ येईल त्या दिवशी मला फोन करा. मी सांगेपर्यंत बंद करायचं न्हाई."

"पण काका, तो तर..."

"ठावं हाय. मातीला आल्तो मी."

"मग?"

"मंग काय? त्यांनी अजून सांगितलं न्हाई ना."

मी वाकून पडदा वाचला. ते यंत्र तेराला हाक मारत होतं. काट्याला. दर काही क्षणांनी, 'आहेस का?' चौदा महिने.

"मध्येच बंद पडलं तर?"

"कधी जनरेटरबी दगा देतं. मंग परत मी बटन दाबतो. पुढचं त्याचं ते सुरू होतं. तसं करून ठिवलंय त्यांनी. रातपाळीवाल्यालाबी सांगून ठिवलंय." ते फुलाकडे बघून म्हणाले, "आज बंद करा म्हणत होते पोरं. मी म्हणलं, कामावरच्याला निजवायचं कसं?"

पडद्याच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. डावीकडे झुकलेल्या अक्षरात फोनचा आकडा. आमच्या घरचा.

काकांनी त्यांचं घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलो. कितीतरी वेळ आम्ही दोघं त्या आखूड ओळी बघत होतो. बाभळीवरचे ते कावळे मला आठवले, माना वाकड्या करून बसलेले.

घरी जाऊन आईला काही सांगितलं नाही. दसऱ्याला धाकट्याच्या फोटोपुढे आपट्याची पानं ठेवली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा ते इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात एक वाक्य होतं, मी पूर्वीच वाचलेलं, खाली पेन्सिलने रेघही मारलेली. या तारेतून निघालेली हाक शंभर मीटरपर्यंत नीट पोचते, पुढे विरत जाते.

मी मोजपट्टी घेऊन कंपनीत गेलो. हबपासून भिंतीने वर, छतावरून, खाली, मग जमिनीतून फाटकापर्यंत. एकशे चाळीसच्या वर भरलं. दुसऱ्यांदा मोजलं. तितकंच. एवढी लांब तार एका तुकड्यात निघाली नसावी, म्हणून वॉचमनच्या खोलीजवळ माती उकरली. तिथे जोड होता. दोन तुकडे पिळून एकत्र केलेले, वर काळी चिकटपट्टी. पट्टीवर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, रेषांसकट.

मी इतके दिवस टोकंच बदलत बसलो होतो. तो चुकला असेल हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. गेलेल्या माणसाच्या कामात चूक काढायची माझी तयारी नव्हती. त्याला स्वतःला मात्र शंका आली असणार. म्हणून तर तो जिना चढून वर आला होता, काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला होता. पुस्तकात एका ओळीत उत्तर होतं. आणि मी शिक्के मारत होतो.

मी मातीतच बसलो होतो. वॉचमन पाणी घेऊन आला. "सर, काही सापडलं का?"

"सापडलं," मी म्हणालो.

उपाय साधा होता. वाटेत वॉचमनच्या खोलीत दुसरा हब बसवायचा, म्हणजे तिथून हाक पुन्हा नव्या जोराने पुढे जाते. जोड कापला. तो तुकडा चिकटपट्टीसकट खिशात ठेवला. दोन्ही बाजूंना नवी टोकं बांधली, पांढरा-नारिंगीपासून तपकिरीपर्यंत, आईच्या चालीत म्हणत. मग काट्यावर गेलो, प्लास्टिक काढलं आणि संगणक सुरू केला.

"बोलंल का?" कारकुनाने विचारलं.

"बघतो."

मी थंड गोदामाकडे निघालो. पळावंसं वाटत होतं, पण मी चालत गेलो. अर्ध्या वाटेवर असतानाच गोदामाचं जाड दार उघडलं. काका माकडटोपी घातलेले तसे उन्हात आले आणि डोळ्यांवर हात धरून मला शोधायला लागले.

"साहेब! आली! लांब आली!"

आत गेलो. पांढऱ्या लांब ओळी एकीखाली एक उमटत होत्या, या कडेपासून जवळजवळ त्या कडेपर्यंत. एकही आखूड नव्हती. टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर नीट बसला नव्हता. काकांनी तो सरळ केला.

"कळवलं म्या," ते म्हणाले. "त्यांनी सांगितल्तं तसं."

कुणाला, ते मी विचारलं नाही. त्यांनी पडद्यावरचं वाळलेलं फूल उचलून खिशात टाकलं आणि यंत्राचं बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली. त्या खोलीत तो आवाज होता हे मला तो थांबल्यावर कळलं.

जाताना कार्यालयात कपाट उघडून दिवे मोजले. काट्याचा धरून बारा. यंत्रंही आता बाराच चालू होती. मी पुन्हा एकदा मोजले. त्यानंतर कितीतरी कार्यालयांत मी तारा टाकल्या, त्याच कामावर माझं घर चाललं. दिवे मात्र मी अजूनही दोनदा मोजतो.

घरी आलो तेव्हा आई फोनजवळ जमिनीवर बसली होती. फोनजवळ ती कधी बसत नसे.

"फोन आल्ता," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"म्हातारा माणूस होता कुणीतरी. म्हणला, साहेबांना सांगा, लांब ओळ आली. म्हणला, आता बंद करू का?"

"मग तू काय म्हणालीस?"

आईने पदराने फोन पुसला.

"म्हणलं, करा बंद. त्याला मी सांगते."